गुडघ्यामागची रेघ

कापूरहोळच्या फाट्यावर पांडूतात्यांचं डेंटिंगचं गॅरेज होतं. ठोकर बसलेल्या गाडीचा पत्रा आतून ठोकून, वरून घासून पुन्हा होता तसा करणं हा त्यांचा धंदा. माझ्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची शिकवणी या गॅरेजात झाली. तोपर्यंत मला नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती आणि आपल्याला काम येतं असा माझा समज होता.

काम संगणकावरचं. मोटरसायकलची टाकी, हेल्मेट, गाडीच्या दिव्याची काच, मिक्सरचं झाकण अशा वस्तू कारखान्यात घडण्याआधी पडद्यावर घडवाव्या लागतात. चौकोनी डबा काढणं सोपं असतं. टाकीसारखी फुगीर वस्तू एका तुकड्यात काढता येत नाही. शिंपी कापडाचे तुकडे जोडून अंगाच्या आकाराचा सदरा करतो, तसे पृष्ठभागाचे लहान-मोठे तुकडे एकमेकांना जोडत जावं लागतं. एका टाकीला असे चाळीस तुकडे सहज होतात. शिंप्याची शिवण दिसली तर चालते. आमची दिसलेली चालत नाही. ती दिसू नये यासाठी मला सव्वीस वर्षं पगार मिळाला.

त्याआधी काही वर्षं मी एका दैनिकाला भोरच्या बातम्या पाठवत असे. तिथल्या उपसंपादकांनी एक सवय लावली: काय घडलं ते लिहा, कसं वाटलं ते वाचकावर सोडा. ती सवय सुटलेली नाही, म्हणून हा लेख काहींना कोरडा वाटेल.

जोडाच्या तीन पायऱ्या असतात. त्या समजल्या की आमचा धंदा समजला. भोरहून वरंध घाटाकडे जाणारी एसटी डोळ्यांसमोर आणा. रस्त्याचे दोन तुकडे नुसते टोकाला टोक लावून जोडले तर तिथं कोपरा होतो. ही पहिली पायरी. तुकडे एकमेकांना टेकलेत, इतकंच. दुसऱ्या पायरीत सरळ रस्ता जिथं संपतो तिथूनच वर्तुळाचा तुकडा सुरू होतो. जोडावर दोघांची दिशा एकच असते, कोपरा नसतो. कागदावर हा रस्ता निर्दोष दिसतो. पण ड्रायव्हरला त्या एका ठिकाणी स्टिअरिंग एकदम फिरवावं लागतं आणि दारापाशी उभा असलेला प्रवासी शेजारच्याच्या अंगावर जातो. तिसऱ्या पायरीत वळण थोडंथोडं वाढत जातं. डुलकी घेणाऱ्याची डुलकी मोडत नाही. कंपनीत आम्ही या पायऱ्यांना जी-झिरो, जी-वन, जी-टू म्हणत असू. दुसऱ्या पायरीला संगणकाचं एक बटण पुरतं. तिसरीला अर्धा दिवस लागतो आणि कधीकधी आठवडा.

त्या दिवशी मी एका टाकीचा नमुना पोत्यात गुंडाळून, स्कूटरला बांधून भोरला निघालो होतो. गिऱ्हाइकानं तो परत पाठवला होता. काय बिघडलंय ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला दिसत नव्हतं. कापूरहोळला स्कूटरची केबल तुटली, म्हणून तात्यांच्या गॅरेजात थांबलो. तात्यांनी विचारलं, "पोत्यात काय हाय?" मी टाकी दाखवली. त्यांनी खिळ्याला लटकवलेली पातळ प्लास्टिकची पिशवी काढली, पंजावर चढवली आणि हात टाकीवरून हळू सरकवला. एका जागी हात थांबला.

"हितं," ते म्हणाले.

मी बोट फिरवलं. मला काही लागलं नाही.

"बोटानं न्हाई. पूर्ण पंजा लाव. पिशवी घाल, म्हंजी कातडं घासत न्हाई, नुस्ता आकार कळतो." मग त्यांनी टाकी ट्यूबलाइटखाली धरून सावकाश फिरवली. "आता टूब बग. कशी धावतीया? आन हितं आल्याव तिला कोपर फुटलं."

टाकीच्या रंगात ट्यूबचं प्रतिबिंब पांढऱ्या पट्ट्यासारखं वाहत होतं, आणि जोडावर त्याला खरंच कोपर फुटलं होतं. संगणकात याच कामासाठी एक सोय असते. वस्तूवर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे पाडून बघायचे; पट्टा तुटला तर जोड पहिल्या पायरीचा, मोडून पुढं गेला तर दुसरीचा, वाहत गेला तर तिसरीचा. ती सोय मला माहीत होती. मी घाईत ती वापरली नव्हती.

"कंप्युटरवर केलंय न्हवं?" तात्या म्हणाले. "मग त्येला सांग, टूब लाव आन बग."

त्यानंतरच्या तेवीस वर्षांत एकही टाकी मी पट्टे बघितल्याशिवाय सोडली नाही. टाकी, असं मुद्दाम लिहितो आहे. कारण पुढं आहे.

निवृत्त होऊन भोरला आल्यावर घरातूनच लहानसहान कामं घेऊ लागलो. भोंगवलीचे एक शेतकरी आईच्या खुरप्याची लाकडी मूठ घेऊन आले. आई गेल्या होत्या, मूठ चिरली होती, तशीच प्लास्टिकची हवी होती. मी ती मोजून घेतली, जोड तिसऱ्या पायरीचे केले, पट्टे वाहते केले. त्यांनी नवी मूठ हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत टेबलावर ठेवली. "ब्येस हाय," ते म्हणाले, "पर ही कुनाच्याच हातातली न्हाई." जुन्या मुठीवर त्यांच्या आईच्या अंगठ्याचा खळगा होता. दोष समजून मी तो भरून टाकला होता. खळगा पुन्हा पाडून दिला. आणि तरीही वस्तू कोण, कशी वापरणार हे आधी विचारावं, एवढी साधी गोष्ट माझ्या पक्की लक्षात राहिली नाही.

भोरमध्ये अविनाश नावाचा तरुण कृत्रिम पाय बसवतो. त्यानं ती विद्या रीतसर शिकून घेतली आहे. मला तो काका म्हणतो. पाय ज्यात बसतो त्या प्लास्टिकच्या खोळीला सॉकेट म्हणतात. पूर्वी तिचा साचा प्लास्टरवर हातानं घासून करत. अविनाशनं पायाचं मोजमाप घेणारं हातातलं यंत्र आणलं आणि साचा संगणकावर करून देण्यासाठी मला विचारलं. मी होकार दिला. कापूरहोळजवळच्या एका शेडमध्ये कोरणीचं मशीन होतं, तिथून साचा कोरून येई आणि त्यावर अविनाश प्लास्टिकची खोळ घडवी.

पहिल्या काही पायांत हौसाबाईंचा पाय होता. वेल्ह्याच्या पुढं रस्ता संपतो तिथून पाऊण तासाच्या चढणीवर त्यांची वाडी. वय पन्नाशीचं. बांधावर घोणस चावली, दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला, डावा पाय गुडघ्याखाली वीतभर ठेवून काढावा लागला. चैत्रात त्या जाऊ शेवंताबाईंबरोबर दोन एसट्या बदलून आल्या. चालायला मिळावं एवढंच त्यांना हवं होतं, असं अविनाशला वाटलं होतं. हौसाबाईंनी ते दुरुस्त केलं.

"चालतीया मी. कुबडीवर चालतीया. मला सावडीला जायचंय."

वाडीवर भातलावणी सावडीनं होते. आज सगळ्या बायका एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. जी दुसरीकडं जाते तिच्याकडं सगळ्या येतात. आदल्या वर्षी हौसाबाई कोणाकडं जाऊ शकल्या नव्हत्या. तरीही सगळ्या त्यांच्याकडं आल्या आणि लावणी उरकून गेल्या.

"मग चांगलंच झालं की, मावशी," अविनाश म्हणाला.

"काय चांगलं? मला घरात बशीवलं. म्हनं तुमी भाकरी करा आन पोरं सांबाळा. माज्या खाचरात मी पोरं सांबाळली."

"भाकरीबी करपावली हुती," शेवंताबाई म्हणाल्या.

"तू गप गं."

पाय तयार झाला. अविनाशनं हौसाबाईंना दोन दांड्यांमधून चालवलं, जिन्याच्या तीन पायऱ्या चढवल्या, खुर्चीवर बसवलं, उठवलं. शिकवणीत सांगितलेल्या सगळ्या चाचण्या झाल्या. मीही हजर होतो. हौसाबाई जाताना म्हणाल्या, "तुमचा पाय बरा हाय."

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या, कुबडीवर. पाय पिशवीत होता. गुडघ्याच्या मागं, लवणीत, आडवी जखम झाली होती. पट्टीनं रेघ मारावी तितकी सरळ.

"तुमच्या पायानं मला चावलं," त्या म्हणाल्या. "घोनस परवडली. ती येकदाच चावली."

भोरच्या डॉक्टरांनी जखम बघितली. ती पूर्ण भरेपर्यंत पाय घालायचा नाही, असं सांगितलं. भरायला महिना लागेल. आणि त्याच जागी पुन्हा जखम झाली, चिघळली, तर गुडघाही जाऊ शकतो. गुडघा गेला तर चढण, खाचर, सावड सगळंच संपणार होतं. लावणीला सहा आठवडे होते. म्हणजे पाय पुन्हा करून बघायला आमच्याकडं एकच संधी होती.

आम्ही सॉकेट तपासलं. मापं बरोबर होती. अविनाशनं हौसाबाईंना खुर्चीवर बसवून रिकामं सॉकेट नुसतं लावून बघितलं. गुडघ्यामागं बोटभर मोकळी जागा होती. जखम का झाली ते कळेना. तेवढ्यात चहा आला. हौसाबाई खुर्चीवरून खाली घसरल्या.

"मावशी, पडाल!"

"पडत न्हाई. खुर्चीव च्या उतरत न्हाई घशाखाली." एका हातानं टेबलाचा पाय धरून त्या उजव्या पायावर उकिडव्या बसल्या. डावा गुडघाही तसाच पूर्ण मुडपला. त्यांनी बशीत चहा ओतला.

अविनाशनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. मी विचारलं, "घरी किती वेळ बसता अशा?"

"किती म्हंजी? चुलीम्होरं अशीच. भांडी अशीच. रोपं उपटायला बसलं की दुपारपातूर अशीच. मानूस आनि कसं बसतं?"

"खुर्ची?"

"खुर्ची हाय की," शेवंताबाई म्हणाल्या. "मास्तर आल्याव शेजारनं आनतो."

तीन आठवडे ही बाई दिवसातले सहा-सात तास ज्या बैठकीत होती, ती बैठक आमच्या एकाही चाचणीत नव्हती. अविनाशच्या शिकवणीत ती नसेल. पण आम्ही दोघंही याच तालुक्यांतले. आमच्या आया तशाच बसत.

दुसरी चूक पूर्ण माझी होती. सॉकेटच्या तोंडाची मागची कड बाहेरच्या बाजूला वळवलेली असते. ती वळवताना मी बटण दाबलं होतं, बारा हा आकडा टाकला होता आणि संगणकानं बारा मिलिमीटरचं गोल वळण लावून दिलं होतं. भिंत सरळ, आणि जिथं ती संपते तिथून एकदम वर्तुळ. दुसऱ्या पायरीचा जोड. खुर्चीवर बसलं की तिथं कातडी पोहोचतच नाही. उकिडवं बसलं की मांडीमागचं सगळं मांस त्या जोडावर दाबलं जातं आणि सगळा भार त्या एका रेघेवर येतो. एसटीतला प्रवासी ज्या जागी शेजाऱ्याच्या अंगावर जातो, ती ही जागा.

मी घरी जाऊन त्या मॉडेलवर पट्टे पाडले. जोडावर सगळे मोडलेले होते. टाकीसाठी न चुकता केलेली गोष्ट मी पायासाठी केली नव्हती. कारण साधं होतं. टाकी उन्हात, सगळ्यांच्या नजरेसमोर असते. सॉकेटची आतली बाजू लुगड्याखाली असते, तिथं उजेड पडत नाही, ती कुणी बघणार नाही. जोड डोळ्यांना दिसतो, अंगाला लागत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

महिनाभर जखम भरत होती, तेवढ्यात मी कड पुन्हा केली. मागून ती खाली उतरवली, रुंद केली, आणि भिंतीपासून वळणापर्यंतचा उतार असा केला की वळण कुठं सुरू झालं ते सांगता येऊ नये. सतरा वेळा मोडून केली. पट्टे वाहते झाले. साचा कोरून आल्यावर तो घेऊन कापूरहोळला गेलो.

पांडूतात्यांचं गॅरेज आता मुलगा चालवतो. तात्यांच्या दोन्ही डोळ्यांना जेमतेम दिसतं. ते बाहेर बाकावर बसून असतात. मधल्या वर्षांत अडलेल्या टाक्या मी त्यांच्या पंजाखालून घालून नेत असे. मी साचा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. पिशवीच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"टाकी?"

"नाही. एका बाईचा पाय आहे."

त्यांनी पंजा ठेवला. नेहमीपेक्षा बराच वेळ घेतला. मागच्या कडेवरून हात तीन वेळा गेला, कुठं थांबला नाही. चौथ्या वेळी डाव्या कोपऱ्यावर, जिथं तीन तुकडे एका ठिकाणी मिळतात, तिथं थांबला.

"लई बारीक हाय," ते म्हणाले. "गाडी असती तर सोडून दे म्हनलो असतो."

"आणि आता?"

"तुजं तू बग. कुठं बसनार हाय बाई ह्येच्यावर?"

"चुलीपुढं. खाचरात."

"मग न्हाई सोडायचं."

घरी येऊन तो कोपरा पडद्यावर मोठा करून बघितला. पट्ट्यांत केसाएवढी उचक होती. माझ्या नजरेतून ती सुटली होती. ती काढली, साचा पुन्हा कोरला.

ज्येष्ठाच्या अखेरीस हौसाबाई आल्या. जखमेच्या जागी गुलाबी कातडी धरली होती. अविनाशनं पाय बसवला, दांड्यांमधून एकदाच चालवलं. मग जमिनीवर पोतं अंथरलं आणि दोघी जावांपुढं परडीभर शेंगा ओतल्या.

"ह्ये काय?" शेवंताबाई म्हणाल्या.

"चाचणी आहे, मावशी. फोडत बसायचं. दुपारपर्यंत."

"आक्का, दवाखान्यात आलो का घरी हावो?"

"फोड मुकाट. खाऊ नगंस, निम्म्या तर तुज्याच पोटात चालल्या."

दर अर्ध्या तासानं अविनाश पाय काढून गुडघ्यामागं बघत होता. पहिल्यांदा कातडी लाल दिसली. हौसाबाईंनी आमच्या तोंडाकडं बघितलं आणि शेंगा फोडायच्या थांबल्या. दहा मिनिटांत लाली पसरून फिकट झाली आणि गेली. तिला कड नव्हती, रेघ नव्हती. दुसऱ्यांदा ती आणखी फिकट होती. दुपारी परडी संपली तेव्हा काहीच नव्हतं.

"तुमचा पाय आज चावला न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "पर त्यो हितं शहान्यावानी वागतो. वाडीवर काय करतोय बगू."

काही झालं तर फोन करायचा, असं ठरलं. दोन आठवडे गेले, तीन गेले. फोन आला नाही. मी फोन केला तर लागत नव्हता. वाडीवर रेंज एका खडकावर उभं राहिल्याशिवाय मिळत नाही. न आलेल्या फोनचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. पहिल्या वेळीही त्या तीन आठवडे काही बोलल्या नव्हत्या. आषाढात एका सकाळी मी वेल्ह्याची एसटी धरली. वहीत चार प्रश्न लिहून घेतले होते: रेघ उठते का, किती वेळानं, कुठल्या बाजूला, चिखलात पाय सरकतो का.

वाडीत हौसाबाईंच्या घराला कडी होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खालच्या अंगाला बोट दाखवलं. "समदी सावडीला गेल्यात."

बांधावरून बघितलं तर खाचरात दहा-बारा बायका ओळीनं वाकलेल्या होत्या. पाठीवर पावसाची इरली, लुगडी वर खोचलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. रोपं लावत ओळ मागं मागं, माझ्याकडं सरकत होती. मला फक्त पाय दिसत होते आणि सगळ्या पायांना एकच रंग होता. यातला मी केलेला कोणता, ते मला ओळखता आलं नाही. मी ओळ दोनदा मोजली. ओळीचं एकही टोक मागं पडलेलं नव्हतं.

ओळ बांधाला लागली तेव्हा उजवीकडून तिसऱ्या बाईनं मान वळवली. त्या हौसाबाई होत्या.

"दादा, तुमी? हितं कुठं?"

"सहज आलो. पाय कसा आहे?"

"कुठला?" त्या म्हणाल्या.

त्या चेष्टा करत नव्हत्या. हातात रोपांची जुडी होती, लक्ष खाचरात होतं, आणि मी कशाबद्दल विचारतोय ते त्यांच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. शेजारी शेवंताबाई होत्या. "आक्का, त्यो! दादांचा!" त्या ओरडल्या आणि सगळी ओळ हसली.

हौसाबाईंनी खाली चिखलात बघितलं. "व्हय की," त्या म्हणाल्या. "बरा हाय माजा पाय." मग बांध ओलांडून त्या पुढच्या खाचरात उतरल्या आणि ओळीतली आपली जागा धरून वाकल्या.

वही मी खिशातून काढली नाही.